डांग्या खोकल्याचा माग

आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांना तो आवाज आठवत असेल. रात्रीच्या शांततेत आळीतल्या कुठल्या तरी घरात एखाद्या पोराला खोकल्याची उबळ येई. पाच, दहा, पंधरा ठसके एकापाठोपाठ एक, मध्ये श्वास घ्यायला उसंतच नाही. चेहरा लाल होई, मग जांभळा पडे, डोळे खोबणीतून बाहेर येतात की काय असं वाटे. शेवटी कोंडलेला श्वास पोर एकदम आत ओढी आणि घशातून एक लांब, चिरका आवाज निघे. त्यापाठोपाठ उलटी. मग घामाघूम झालेलं ते पोर आईच्या खांद्यावर मान टाकी आणि घरातली मोठी माणसं पुढच्या उबळीची वाट बघत बसत. डांग्या खोकला! अडुळशाचा रस झाला, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, कुणी सांगितलेला अंगारा झाला, तरी खोकला आपले दिवस भरल्याशिवाय जात नसे. चीन-जपानात तर या आजाराचं नावच शंभर दिवसांचा खोकला असं आहे.

या खोकल्यामागचा जंतू ज्यानं शोधून काढला, त्या माणसाचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. पाश्चर आणि कॉख शाळेच्या पुस्तकात भेटतात. ज्यूल बोर्दे भेटत नाहीत. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते नाव माहीत असतं, तेही बहुधा जंतूच्या आडनावापुरतं. वास्तविक हा माणूस नोबेल पारितोषिकाचा मानकरी. त्याच्या हयातीतच ब्रसेल्समधल्या कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयाला त्याचं नाव दिलं गेलं.

बोर्दे जन्मले १३ जून १८७० रोजी, बेल्जियममधल्या स्वान्यी नावाच्या लहानशा गावात. वडील शाळामास्तर. ज्यूल चार वर्षांचा असताना वडिलांची बदली झाली आणि कुटुंब ब्रसेल्सला आलं. ज्यूल आणि थोरला भाऊ शार्ल या दोघांनी पोरवयातच घरी रसायनांची एक छोटी प्रयोगशाळा थाटली होती. मास्तरांच्या पगारात हे लाड कसे पुरवले गेले असतील याचं मला नेहमी कुतूहल वाटतं, पण पुरवले गेले खरे. दोघंही भाऊ डॉक्टर झाले. ज्यूल १८९२ साली, बाविसाव्या वर्षी, ब्रसेल्स विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला. दोन वर्षांनी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला.

मुंबईच्या वाचकांना इथे एक जवळचा धागा सापडेल. आपले हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, ते याच इन्स्टिट्यूटमधून पटकीची लस घेऊन १८९३ साली हिंदुस्थानात आले. बोर्दे तिथे पोचले १८९४ साली. दोघांची एका वर्षानं चुकामूक झाली.

पॅरिसमध्ये बोर्देंना गुरू मिळाले ते मेचनिकॉफ. रशियातून आलेला, दाढीवाला, वादविवादात रमणारा हा विलक्षण माणूस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात आणि शरीराचं संरक्षण हे मुख्यतः त्यांचंच काम, हा त्याचा सिद्धान्त. जर्मन शास्त्रज्ञ म्हणत, पेशी नव्हे, रक्तातलं पाणी जंतूंना मारतं. या भांडणाला शास्त्राइतकाच फ्रान्स आणि जर्मनीच्या वैराचाही वास होता. गंमत अशी, की मेचनिकॉफच्या प्रयोगशाळेत बसूनच त्यांच्या या पंचवीस वर्षांच्या शिष्यानं रक्तातल्या पाण्याची करामत दाखवून दिली. आणि गुरूनं त्याला हाकलून दिलं नाही! आपल्याकडच्या विद्यापीठांत असं किती वेळा घडेल, हे वाचकांनीच ठरवावं.

तो प्रयोग समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढे डांग्या खोकल्याच्या शोधात तोच कामी आला. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर पाण्यासारखा रस उरतो, तो रक्तरस. पटकीच्या जंतूंविरुद्ध टोचलेल्या जनावराचा ताजा रक्तरस काचेच्या नळीत त्या जंतूंवर घातला, की जंतू विरघळून जातात. हाच रस ५५ अंशांपर्यंत तापवला, तर त्याची शक्ती जाते. पण त्या तापवलेल्या, निकामी झालेल्या रसात कुठल्याही न टोचलेल्या जनावराचा थोडासा ताजा रक्तरस मिसळला, की शक्ती पुन्हा हजर. याचा अर्थ १८९५ साली बोर्देंनी असा लावला, की जंतू मारायला दोन गोष्टी लागतात. एक उष्णतेला दाद न देणारी, त्या विशिष्ट जंतूसाठीच तयार झालेली. दुसरी उष्णतेनं नाश पावणारी, पण सगळ्यांच्या रक्तात जन्मतः असणारी.

बँकेत माझी हयात गेली, त्यामुळे मला हे लॉकरच्या भाषेत चटकन समजतं. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक गिऱ्हाइकाची, ती त्याच्याच लॉकरला चालते. दुसरी बँकेची, ती सगळ्या लॉकरना चालते, पण एकटी कुठलाच लॉकर उघडू शकत नाही. गिऱ्हाइकाची किल्ली म्हणजे आज आपण ज्याला प्रतिपिंड म्हणतो ते. बँकेची किल्ली म्हणजे ज्याला डॉक्टर मंडळी कॉम्प्लिमेंट म्हणतात ते. हे दुसरं नाव बोर्देंचं नव्हे, त्यांचे जर्मन प्रतिस्पर्धी एर्लिख यांचं. दोघांत वर्षानुवर्षं वाद चालला. बोर्दे म्हणत, ही बँकेची किल्ली एकच आहे. एर्लिख म्हणत, अनेक आहेत. आज आपल्याला माहीत आहे की ती अनेक प्रथिनांची साखळी आहे, म्हणजे या एका मुद्द्यावर एर्लिख खऱ्याच्या जास्त जवळ होते. नावंही त्यांचीच टिकली. प्रयोगाचा पाया मात्र बोर्देंचा.

१८९७ साली बोर्देंना थेट दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालला पाठवण्यात आलं. तिथे गुरांमध्ये बुळकांडीनं हाहाकार माजवला होता. त्याच साली इकडे मुंबईत हाफकिन प्लेगच्या लशीचा पहिला प्रयोग स्वतःच्या अंगावर करत होते. पाश्चरच्या एका घराचे हे वारस असे जगभर साथींच्या मागे धावत होते. आफ्रिकेहून परतल्यावर बोर्देंनी लग्न केलं, १८९९ साली. पत्नीचं नाव मार्थ. पुढे दोन मुली आणि एक मुलगा झाला. १९०१ साली ब्रसेल्समध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर उपचार करणारी आणि जंतूंचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. तिच्या प्रमुखपदासाठी बोर्दे मायदेशी आले. पाश्चर यांच्या पत्नीच्या संमतीनं १९०३ पासून ती संस्था ब्रसेल्सची पाश्चर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४० पर्यंत बोर्देंनी ती सांभाळली.

आता खोकल्याकडे वळू. डांग्या खोकल्याच्या साथीचं वर्णन पॅरिसच्या बाय्यू नावाच्या वैद्यानं १५७८ सालीच करून ठेवलं होतं. तिथून सव्वातीनशे वर्षं लोटली, तरी तो कशानं होतो हे कुणालाच कळलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतूंचे शोध धडाधड लागत होते. क्षय, पटकी, घटसर्प, धनुर्वात, प्लेग, एकेकाचा गुन्हेगार पकडला जात होता. डांग्या खोकल्याचाही जंतू सापडल्याचे दावे अनेकांनी केले. पण दर वेळी भलताच कुणी तरी हाती लागे, कारण आजारी पोराच्या घशात नाना जातींचे जंतू सुखानं नांदत असतात.

१९०० साली बोर्दे आणि त्यांचे सहकारी ऑक्ताव्ह झांगू यांना पाच महिन्यांच्या एका बाळाचा कफ तपासायला मिळाला. बाळाचा आजार नुकता सुरू झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना लहान, अंडाकृती जंतूंची दाटी दिसली, जवळजवळ दुसरं काहीच नाही. इथेच खरी मेख होती. हा जंतू आजाराच्या सुरुवातीला, नुसती सर्दी-पडसं वाटतं तेव्हा, भरपूर असतो. त्या चिरक्या आवाजाची वेळ येईपर्यंत तो ओसरू लागतो आणि बाकीच्या जंतूंची गर्दी होते. आईबाप मात्र डॉक्टरकडे धावतात ते आवाज ऐकल्यावर. चोर पळून गेल्यावर पंचनामा व्हावा, तसा प्रकार. बाकीचे शास्त्रज्ञ पंचनाम्यात अडकले होते. बोर्देंना चोर घरात असतानाच डोकावायला मिळालं.

पण दिसणं वेगळं आणि पकडणं वेगळं. जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याशिवाय शास्त्रात पुरावा मानत नाहीत, आणि हा जंतू नेहमीच्या कुठल्याच खाद्यावर वाढायला तयार नव्हता. मोठा नखरेल गडी. बोर्दे-झांगू यांनी खाद्य बदलून पाहिलं, पुन्हा बदलून पाहिलं. यात वर्षं गेली, एक-दोन नव्हे, सहा. मधल्या काळात या जोडगोळीनं दुसरं एक मोठं काम करून टाकलं. त्याच त्या दोन किल्ल्यांच्या तत्त्वावर रक्त तपासायची युक्ती त्यांनी १९०१ साली काढली. बँकेची किल्ली शरीरात एकदा वापरली की संपते. तेव्हा नळीत जंतू आणि रोग्याचा रक्तरस एकत्र ठेवले आणि मोजून दिलेली किल्ली संपली, तर त्या रक्तात त्या जंतूसाठीची गिऱ्हाइकाची किल्ली आहे, म्हणजेच त्या माणसाला तो रोग झालेला आहे. याच युक्तीवर वासरमान यांनी १९०६ साली उपदंशाची रक्ततपासणी बसवली. जगभरच्या दवाखान्यांत वासरमान हे नाव दुमदुमलं. युक्ती ज्यांची, त्यांचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

त्याच १९०६ साली डांग्या खोकला खुद्द बोर्देंच्या घरात शिरला. त्यांच्या स्वतःच्या बाळाला तो झाला. मुलगा आजारी, बाप जंतुशास्त्रज्ञ, आणि हातात औषध काहीच नाही! त्या काळी हा आजार तान्ह्या पोरांना सर्रास घेऊन जाई. त्या रात्री मार्थ बोर्देंनी कशा काढल्या असतील, याची नोंद शास्त्राच्या कागदांत नसते. कागदांत आहे ते एवढंच, की त्या घरच्या रोग्याचा कफ बापानं प्रयोगशाळेत नेला आणि बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि ताजं रक्त घातलेल्या नव्या खाद्यावर पसरला. या वेळी जंतू वाढला. बशीवर पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे चमकणारे ठिपके उमटले.

एवढ्यावर बोर्दे थांबले नाहीत. हा जंतू इन्फ्लुएंझाच्या म्हणून तेव्हा समजल्या जाणाऱ्या जंतूसारखाच दिसे, आणि हा तोच असं म्हणणारे पुष्कळ होते. बोर्देंनी आजारातून उठलेल्या मुलांचा रक्तरस घेतला आणि आपली किल्ल्यांची युक्ती लावली. त्या मुलांच्या रक्तातली किल्ली या नव्या जंतूला लागली, इन्फ्लुएंझावाल्याला लागली नाही. प्रश्न मिटला. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत आवडतो तो हा भाग. पटकीवरच्या प्रयोगातून निघालेलं तत्त्व अकरा वर्षांनी असं घरच्या खोकल्याच्या कामी आलं.

हा जंतू करतो तरी काय, हे आज पुष्कळसं कळलं आहे. तो माणसाखेरीज कुणात राहत नाही. खोकल्याच्या तुषारांतून येतो आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला चिकटतो. त्या अस्तरावर अतिशय बारीक लव असते. ती सतत हलत राहून धूळ, कफ वर ढकलते. घराचा केरवारा करणारी मोलकरीणच म्हणा. जंतू याच पेशींवर बसतो आणि आपल्या विषानं त्या मारून टाकतो. केर काढणारं कुणी उरलं नाही की चिकट कफ साचतो आणि तो बाहेर काढायला उबळीशिवाय मार्ग राहत नाही. गंमत म्हणजे जंतू रक्तात शिरत नाही, विष मात्र शिरतं. मारलेलं अस्तर पुन्हा भरून यायला आठवडे लागतात. म्हणून जंतू गेल्यावरही खोकला जात नाही आणि उशिरा दिलेल्या औषधानं उबळ थांबत नाही. औषधाचा उपयोग तेव्हा मुख्यतः दुसऱ्याला लागण होऊ नये एवढाच. मोठ्या मुलांच्या डोळ्यांत रक्त साकळतं, क्वचित बरगडी मोडते. तान्ह्या बाळाचं वेगळंच. त्याच्यात पुष्कळदा तो चिरका आवाज निघतच नाही. ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं. कधी झटके येतात, कधी न्यूमोनिया होतो. घरात मोठ्यांपैकी कुणाला तरी महिनाभर साधा खोकला आहे म्हणून दुर्लक्ष झालेलं असतं आणि बाळाला तो तिथूनच आलेला असतो.

जंतू सापडला, आता लस झालीच, असं तेव्हा अनेकांना वाटलं. युरोप-अमेरिकेत लशी निघाल्याही, पण गुण कधी येई, कधी येत नसे. याचंही कारण बोर्देंनीच १९१० साली दाखवून दिलं होतं. हा जंतू रक्ताशिवायच्या खाद्यावर वाढवत राहिलं, की तो बदलतो. दिसायला तोच, पण अंगातलं विष आणि मूळचा स्वभाव हरवलेला. अशा बदललेल्या जंतूची लस टोचणं म्हणजे चोराऐवजी त्याच्या सज्जन भावाचा फोटो पोलीस चौकीत लावणं.

पहिल्या महायुद्धात ब्रसेल्स जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि प्रयोगशाळेचं काम जवळजवळ बंद पडलं. बोर्देंनी त्या सक्तीच्या रिकाम्या वेळात रोगप्रतिकारशक्तीवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० साली छापून आला. त्याच वर्षी १९१९ सालचं वैद्यकाचं नोबेल त्यांना जाहीर झालं. युद्धामुळे हे पारितोषिक चार वर्षं कुणालाच दिलं गेलं नव्हतं. बातमी आली तेव्हा बोर्दे अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. पारितोषिक मिळालं ते रक्तातल्या त्या दोन किल्ल्यांसाठी.

उतारवयात ते एका नव्या वादात पडले. जंतूंना खाऊन टाकणारं काही तरी द'हेरेल यांना सापडलं होतं. ते म्हणत, हा जंतूंना होणारा विषाणू आहे. बोर्दे म्हणत, नाही, हा जंतूच्याच अंगचा एक गुण आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा. शेवटी विषाणूचं म्हणणं खरं ठरलं. तरी काही जंतूंत हा विषाणू खरोखरच वंशपरंपरेनं दबा धरून असतो हेही पुढे सिद्ध झालं, तेव्हा बोर्देंच्या पारड्यातही थोडं वजन पडलं.

लशीचं पुढचं काम अमेरिकेत दोन बायकांनी तडीस नेलं. पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या शहरात सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या. दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला होऊन गेला होता. १९३२ साली, मंदीच्या ऐन कहरात, दिवसाची नोकरी संपवून संध्याकाळी या दोघी बोर्दे-झांगू यांचं खाद्य घातलेल्या काचेच्या बश्या घेऊन घरोघर जात, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात आजारी पोरांना त्या बशीवर खोकायला लावत. ताजा, न बदललेला जंतू त्यांना असा मिळाला. त्याची लस करून त्यांनी शहरातल्या मुलांवर काटेकोर हिशेबानं पडताळून पाहिली, टोचलेली मुलं आणि न टोचलेली मुलं शेजारी शेजारी ठेवून. पैसे संपत आले तेव्हा १९३६ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट प्रयोगशाळा पाहून गेल्या आणि मदतीची सोय झाली. पुढे घटसर्प आणि धनुर्वाताबरोबर ही लस एकत्र झाली. तीच आपली त्रिगुणी. भारतात १९७८ पासून ती सरकारी लसीकरणात आहे. आता ती पाच रोगांच्या एकत्रित लशीतून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून ती जगभर जाते.

१९५२ साली या जंतूच्या कुळाला बोर्देटेला असं नाव देण्यात आलं. बोर्दे तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा मुलगा पॉल केव्हाच वडिलांच्या जागी ब्रसेल्सच्या इन्स्टिट्यूटचा संचालक झाला होता. ६ एप्रिल १९६१ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ज्यूल बोर्दे वारले.

त्यांनी न पाहिलेला एक भाग राहिला. खोकला दिसेनासा झाला, की लशीचा ताप तेवढा दिसतो. १९७४ साली इंग्लंडमध्ये या लशीमुळे मेंदूला इजा होते अशी ओरड झाली. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण तीस टक्क्यांच्या घरात आलं आणि पाठोपाठ मोठ्या साथी आल्या. जपानमध्ये १९७५ साली दोन बाळांच्या मृत्यूनंतर लस काही काळ थांबवली गेली. तिथे १९७४ साली चारशेपेक्षा कमी रोगी होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली तेरा हजारांवर रोगी झाले, एकेचाळीस मुलं गेली. मग जपानच्याच यूजी सातो यांनी जंतूचे फक्त निवडक भाग घेऊन सौम्य लस तयार केली. ती १९८१ पासून तिथे वापरात आली. तिचा ताप कमी, पण तिचं संरक्षणही लवकर ओसरतं. २०२४ साली युरोपात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली, त्यामागे हे एक कारण सांगतात.

सहा आठवड्यांच्या आतलं बाळ मात्र या लशीच्या वेळापत्रकात बसत नाही, आणि जास्त धोका त्यालाच. त्यावर इंग्लंडमध्ये २०१२ पासून गरोदर बाईलाच शेवटच्या महिन्यांत लस टोचू लागले. आपल्याकडेही अनेक डॉक्टर ती सुचवतात. आईच्या रक्तात जे प्रतिपिंड तयार होतात ते वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. बोर्देंनी १८९५ साली नळी तापवून ओळखलेली, उष्णतेला दाद न देणारी ती गिऱ्हाइकाची किल्ली हीच. बाळ जन्माला येतं ते आईची किल्ली बरोबर घेऊन, आणि स्वतःची तयार होईपर्यंत तिच्यावर भागवतं.